साबणाच्या वेष्टनावरची सही

दाढीच्या साबणाची वडी झिजून संपते, तिची डबी मात्र घरात राहते. आपल्याकडील जुन्या घरांच्या फडताळांतून अशा डब्या अजूनही निघतात. एखादी ॲल्युमिनियमची उभी नळी, एखादी चपटी गोल डबी. आत सुया, गुंड्या, मोडकी किल्ली, कधी मोडीत लिहिलेली चिठ्ठी. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत की, इतक्या घट्ट झाकणाची डबी हाताशी असूनही कापूर ठेवण्यासाठी ती कोणी देवघरात नेत नसे. ती हजामतीची, हे एक कारण झालेच. क्षौरानंतर स्नान केल्याखेरीज जिथे मनुष्यालाच सोवळ्यात प्रवेश नाही, तिथे डबीला कुठून असणार? परंतु दुसरेही एक कारण होते आणि ते बहुधा बोलून दाखविले जात नसे. डबीत जो साबण होता तो कशाचा केलेला होता, हे घरात कोणासच ठाऊक नव्हते. डबीवर पुष्कळ मजकूर होता, चित्र होते, पदके होती, सही होती. एवढे एक सोडून सगळे होते. वेष्टनाने काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले, या दृष्टीने दाढीच्या साबणाचा इतिहास पाहू लागले की तो आम्हा वकिलांच्या फार परिचयाचा वाटू लागतो.

साबणापूर्वी आपल्याकडे काय होते, ते आधी आठवावे. गावचा न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचे बलुते वर्षाच्या धान्यावर ठरलेले. आमच्या कोकणी वाचकांच्या तोंडी तो म्हालो, आणि गोमंतकातील कित्येक देवस्थानांतून पालखीपुढे दिवटी धरण्याचा मान परंपरेने त्याच्याच घराण्याकडे असे. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, फणी, आरसा आणि एक पितळी वाटी एवढा सरंजाम. साबण त्यात नव्हता. वाटीतले पाणी बोटांनी चोळून चोळून दाढी मऊ करायची आणि मग वस्तरा चालवायचा, ही रीत. त्या व्यवहारात वेष्टन म्हणून काही असेल तर ती धोकटीच. आणि तिच्यावर नाव लिहिण्याचे कारण नव्हते, कारण तिचा मालक, त्याचा बाप आणि त्याचा आजा गावाला ठाऊक होते. वस्तरा बोथट निघाला तर तक्रार कोणाकडे न्यावी हा प्रश्नच उद्भवत नसे. विश्वास माणसावर होता, वस्तूवर नव्हता.

दाढीचा साबण ही वस्तू घडणीनेच अशी आहे की तिला वेष्टनावाचून गत्यंतर नाही. अंगाचा साबण हा बहुतांशी सोड्याचा क्षार. तो कडक असतो आणि फडताळात उघडा पडला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. दाढीच्या साबणात सोड्याबरोबर पोटॅशही लागते. सोड्याने वडीला आकार येतो, पोटॅशने ती पाण्याबरोबर लवकर विरघळून ओलावा धरणारा दाट फेस देते. फेस चटकन उठावा म्हणून खोबरेल, आणि तो पाच-दहा मिनिटे गालावर टिकावा म्हणून स्टिअरिक आम्ल भरपूर असलेली घट्ट चरबी घालावी लागते. त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीन. असा हा साबण उघडा ठेवला तर वाळून तडकतो, ओला ठेवला तर लिबलिबीत होतो. म्हणून त्याला कागद, कथिलाचा पातळ वर्ख, मातीचे भांडे, लाकडी वाटी, धातूची नळी असे काही ना काही पांघरूण सतत शोधावे लागले. ही घट्ट चरबी युरोप-अमेरिकेत शतकानुशतके गुरामेंढरांची असे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिच्याकडे पुढे वळायचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात नेपल्सच्या साबणाचा लौकिक होता. तो मऊ, पोटॅशचा. म्हणून भांड्यातूनच विकला जाई. पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झेवियर बाझँ व ज्यूल ओएल या अत्तरवाल्यांनी दाढीचे सुगंधी मलम चिनी मातीच्या छोट्या डब्यांतून विकायला आरंभ केला. डबीच्या झाकणावर चित्र व विक्रेत्याचे नाव छापलेले आणि वरून झिलई चढवून भट्टीत भाजलेले. इंग्लंडातील स्टॅफर्डशायरच्या प्रॅट कारखान्याने 1840 नंतरच्या दशकात ही छपाई अनेक रंगांत करण्याची कला साधली होती. प्रत्येक रंगासाठी तांब्याचा वेगळा पत्रा कोरावा लागे. आज हौशी लोक ही झाकणे जमवतात. मलम कसे होते ते सांगायला मात्र कोणी उरलेले नाही.

पण झाकण कितीही सुंदर असले तरी रिकामी डबी पुन्हा भरता येते, आणि लबाडीला तेवढे पुरते. इथे आमच्या व्यवसायाचा प्रश्न सुरू होतो.

अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानातील मँचेस्टर या गावी जेम्स बेकर विल्यम्स नावाचा औषधविक्रेता होता. त्याने 1840 च्या सुमारास दाढीसाठी खास साबण करून तो वड्यांच्या रूपात विकायला काढला आणि त्याला ‘जेन्युइन यांकी सोप’, म्हणजे ‘अस्सल यांकी साबण’, असे नाव दिले. 1847 साली कारखाना जवळच्या ग्लास्टनबरी गावी गेला आणि तिथे तो दीर्घकाळ भरभराटीत चालला. या नावातील ‘अस्सल’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. नक्कल होण्याची भीती नसती तर तो कोणी घातला असता काय? विल्यम्सच्या लेबलावर अशी सूचना छापलेली असे की, नकली मालापासून बचाव व्हावा म्हणून प्रत्येक वडीच्या बाहेरील कागदावर उत्पादकांची सही असेल.

ही सही आम्हाला विचार करायला लावते. कायद्याच्या दृष्टीने सही म्हणजे माणसाने त्या कागदापुरते स्वतःला बांधून घेणे. ती हाताने करावी लागते, प्रत्येक कागदावर वेगळी करावी लागते आणि तिच्यात तसूभर फरक पडतो, म्हणूनच ती सिद्ध करता येते. विल्यम्सची सही छापखान्यात छापलेली होती. ज्या यंत्राने ती हजार वेळा छापली, तशाच यंत्राने दुसरा कोणीही ती छापू शकत होता. तरीही गिऱ्हाइकाला ती हवी होती. न्हाव्याची ओळख सुटली, वस्तू अनोळखी ठिकाणाहून येऊ लागली, तेव्हा त्या रिकाम्या जागी बसवायला मनुष्याची काही खूण पाहिजे होती. छापील का होईना. हीच युक्ती पुढे किंग कँप जिलेट याने पराकोटीला नेली. त्याच्या पात्यांच्या कागदी वेष्टनांवर त्याचे मिशाळ चित्र आणि सही असे, आणि ज्या देशांत त्याची भाषा कोणाला कळत नव्हती तिथेही तो चेहरा कळत होता.

सहीचा खरा तंटा मात्र लंडनमध्ये झाला. लॉइड नावाच्या गृहस्थाचे ‘युक्झेसिस’ नावाचे एक मलम होते; साबण, पाणी व कुंचला यांवाचून दाढी करता येते, असा त्याचा दावा. लॉइड वारला. त्यानंतर हॉव्हेंडन नावाच्या व्यापाऱ्यांनी जाहीर केले की, मृताच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या बाईकडून आपण धंदा, कृती, व्यापारचिन्ह व लौकिक यांसह सर्व काही विकत घेतले आहे. दुसऱ्या बाजूला लॉइडची विधवा एमे हिनेही तेच मलम स्वतःच्या नावाने विकणे चालू ठेवले. मग वर्तमानपत्रांतून जाहिरातींची लढाई जुंपली. हॉव्हेंडन म्हणत, अस्सल मालाचे लेबल पिवळ्या कागदावर केवळ काळ्या शाईने छापलेले असते. हा ‘केवळ’ शब्द वाचताच मुरलेल्या वकिलाच्या ओठांवर हसू येईल. कारण विधवेच्या लेबलावर तिची सही तांबड्या शाईने होती आणि तीच अस्सलपणाची खूण, असे तिचे म्हणणे. गिऱ्हाइकाने शाईचा रंग पाहून ठरवायचे की मूळ कृती विकत घेणारा खरा, की ज्याने कृती शोधली त्याची बायको खरी! धंद्याचा लौकिक ही विकता येणारी मालमत्ता आहे, हे इंग्रजी कायद्याने पूर्वीच मान्य केलेले होते. मग विधवेजवळ काय उरले? नाव उरले. स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करण्यास कोणास मज्जाव करता येत नाही, हेही त्याच कायद्याचे तत्त्व. नळीभर मलमापायी दोन्ही तत्त्वे समोरासमोर उभी राहिली.

ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा 1875 साली झाला. आपल्याकडे 1889 चा माल-चिन्हांविषयीचा कायदा होता, पण नोंदणीची सोय 1940 च्या कायद्यापर्यंत नव्हती. तोवर हिंदुस्थानातील व्यापारी आपल्या चिन्हाविषयी एक प्रतिज्ञापत्र करून ते दस्त-नोंदणीच्या कचेरीत नोंदवून ठेवीत, जसे शेताचे खरेदीखत नोंदवावे तसे. स्वातंत्र्यानंतर 1958 चा व सध्या चालू असलेला 1999 चा असे दोन कायदे झाले. वेष्टनासंबंधीचा आमच्या आवडीचा निवाडा मात्र साबणाचा नसून बिस्किटांचा आहे. पार्ले कंपनीच्या 1972 मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून फरक मोजत बसू नये. ज्याने एक वेष्टन पूर्वी पाहिले आहे त्याला दुसरे पाहून पहिल्याचा भास होईल की नाही, एवढेच पाहावे. एका कागदावरील मुलीच्या हाती पाण्याची बादली होती, दुसऱ्यावरील मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा. दोन्हीकडे गाई आणि कोंबड्या. न्यायालयाने भास होतो असे ठरविले. सीमाभागातील एका बाजारात आम्ही स्वतः एकदा दाढीच्या साबणाची गोल वडी घेऊन आलो आणि घरी दिवा लावल्यावर दिसले की नावातील एक अक्षर बदललेले आहे. दुकानदाराचे म्हणणे, फेस येतो की नाही ते बघा. फेस आला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

असो. आता वडीच्या आकाराकडे वळू. वडी गोल का? तर ती कानाच्या चिनी पेल्यात बसावी म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्हाव्यांच्या दुकानांतून भिंतीवर खणाखणांची मांडणी असे, आणि प्रत्येक खणात एकेका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा पेला. त्यावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत, आणि पुष्कळदा त्याच्या धंद्याचे चित्र: खाटकाचा बैल, इंजिन चालविणाऱ्याचे इंजिन. कोरे पेले फ्रान्स व जर्मनीतून येत आणि अमेरिकेत रंगविले जात. एकाच्या कातडीचा रोग दुसऱ्याला लागू नये, हा मूळ हेतू. लौकर त्याची प्रतिष्ठा झाली. ज्या समाजात स्पर्शास्पर्शाचा आपल्यासारखा विचार नव्हता, तिथे रोगाच्या भीतीने प्रत्येकाचे भांडे निराळे झाले. आणि आपल्याकडे, जिथे पाण्याच्या तांब्यावरून पंगती मोडत, तिथे गावच्या न्हाव्याची एकच पितळी वाटी साऱ्या आळीच्या हनुवटीखाली फिरत होती. आचारधर्माचे हे कोडे आम्ही विद्वानांकडे सोपवतो.

पेल्यांनी रोग टळला असे मात्र झाले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1915 पासून पुढील काही वर्षे, घोड्याच्या केसांच्या स्वस्त कुंचल्यांतून अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांची काळपुळी, माणसांना झाल्याचे प्रकार इंग्लंड-अमेरिकेत उघडकीस आले. कुंचल्याच्या दांड्यावरही उत्पादकाचे नाव असेच.

पेल्याचा आणि न्हाव्याच्या दुकानातील मांडणीचा अंत सेफ्टी रेझरने केला. 1903 साली जिलेटचे 51 रेझर व 168 पाती खपली. दुसऱ्याच वर्षी रेझर 90 हजारांवर गेले. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर तिच्या सरकारने सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख पाती विकत घेतली. खंदकात चिनी पेला कोण नेणार? तिथे उपयोगी पडली ती साबणाची कांडी. ही कांडी म्हणजे वेष्टनशास्त्रातील एक लहानसा विजयच होय. ती ओल्या दाढीवर थेट घासायची आणि मग कुंचल्याने फेस करायचा. पेला नको, वाटी नको. पण धरायची कुठे? हाताने धरलेले टोक भिजून बोटांतून निसटते. म्हणून बुडाला कथिलाचा वर्ख गुंडाळीत. नंतर विल्यम्स, कोलगेट वगैरे कंपन्यांनी निकेलचा मुलामा दिलेल्या नळ्या काढल्या. कांडीचे बूड धातूच्या टोपणात पक्के बसविलेले, आणि वरून झाकण. कोलगेटच्या ‘हँडी ग्रिप’ या प्रकारात ते टोपण आट्यांचे होते. कांडी संपत आली की उरलेला तुकडा काढून, ओला करून नव्या कांडीच्या डोक्यावर चिकटवावा, म्हणजे गुंजभरही वाया जात नाही, अशी जाहिरात. काटकसरीचा उपदेश करता करता नव्या कांडीचे गिऱ्हाईक जुन्याच नळीला बांधून ठेवायचे, ही त्यातली मेख. वाटीतल्या साबणाला ती मेख मारता येत नव्हती. विलायतेतील जुन्या अत्तरवाल्यांनी मात्र लाकडी वाटी सोडली नाही. ती पाण्याने फुगते, तडकते, दर खेपेस पुसून ठेवावी लागते, आणि तरीही लंडनच्या काही दुकानांतून अजून विकली जाते. गैरसोयीलाही गिऱ्हाईक असते.

या सर्वांत आमच्या गोमंतकाशी नाते जडलेली एक डबी आहे. न्यूयॉर्कच्या शल्टन कंपनीने 1937 साली स्त्रियांसाठी आणि 1938 साली पुरुषांसाठी ‘ओल्ड स्पाइस’ नावाची सुगंधी प्रसाधने काढली. दाढीचा साबण पांढुरक्या मातीच्या पेल्यात बसविलेला, आणि पेल्यावर शिडाचे गलबत. आरंभीचे पेले ओहायोतील हल पॉटरी या कारखान्याने केले. गलबतांना खरी नावे होती: ‘ग्रँड टर्क’, ‘फ्रेंडशिप’. ही दोन्ही सेलम बंदराशी संबंधित. ‘ग्रँड टर्क’ 1781 साली बांधले गेले, एलायस हॅस्केट डर्बी या व्यापाऱ्याच्या मालकीचे होते आणि चीनच्या कँटन बंदराला जाऊन आले होते. त्या काळी सेलमची गलबते मसाल्यांसाठी पूर्वेकडे येत आणि हिंदुस्थानच्या बंदरांतही नांगर टाकीत. कंपनी 1934 साली जन्मलेली. तिला जुनेपणा नव्हता, म्हणून तिने तो चित्रातून उसना घेतला. इथे सही नाही, कोणी माणूसच नाही. केवळ एक गलबत, आणि ‘जुना मसाला’ हे नाव. आम्ही ही फसवणूक मानीत नाही, कारण पेला विकत घेणारा कोणीही तो गलबतातून उतरला असे समजत नव्हता. पण उत्पादकाचा चेहरा वेष्टनावरून पुसला गेला, तो इथे. पुढे हेच गलबताचे चिन्ह परवान्याखाली गोव्यातच तयार होणाऱ्या मालावर आले. मसाल्याच्या शोधात निघालेली गलबते ज्या किनाऱ्यावर येत, त्या किनाऱ्यावर शेवटी नुसते त्यांचे चित्र येऊन पोचले, याची आम्हाला मौज वाटते.

पेल्यानंतर नळी आली, आणि नळीनंतर दाबाखालच्या वायूचा डबा. चेपता येणारी धातूची नळी ही मुळात जॉन गॉफ रँड या चित्रकाराने 1841 साली रंगांसाठी पेटंट केलेली. वायूच्या डब्यातून निघणारा आयता फेस 1950 च्या आसपास अमेरिकेत रूढ झाला. आता साबण डोळ्यांना दिसेनासा झाला. दिसत नाही त्या वस्तूविषयी काहीही सांगता येते, याचा पुरावा लौकरच मिळाला. 1959 साली कोलगेट-पामोलिव्हच्या ‘रॅपिड शेव्ह’ या फेसाची दूरचित्रवाणीवर जाहिरात झाली. घासकागदावर फेस लावला आणि लागलीच वस्तरा फिरविला, तर वाळू साफ निघून आली! चौकशीअंती निष्पन्न झाले की तो घासकागद नव्हता. पारदर्शक प्लॅस्टिकवर वाळू पसरलेली होती. खरा घासकागद मऊ व्हायला सुमारे 80 मिनिटे भिजवावा लागत होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1965 साली कंपनी हरली. प्रेक्षकाला जे डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले जाते ते त्याने खरोखर पाहिलेले असले पाहिजे, असा न्यायालयाचा आशय.

आता मागे राहिलेल्या प्रश्नाकडे येऊ. आत कोणती चरबी आहे, हे वेष्टनाने कधी सांगितले काय? सांगितले, आणि सांगणारा मनुष्य योगायोगाने आमच्याच व्यवसायातून बाहेर पडलेला होता. अर्देशीर गोदरेज हे कायद्याचे पदवीधर. 1894 साली एका खटल्यासाठी ते झांजीबारला गेले, आणि अशिलासाठी सत्याला मुरड घालणे जमेना म्हणून वकिली सोडून परत आले. (आम्ही सोडली नाही, वाचकांनी याचा जो अर्थ लावावयाचा तो लावावा.) मग त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे करायला घेतली. ज्या व्यापाऱ्यासाठी ती करायची तो म्हणाला, हत्यारांवर विलायती छाप घालू. अर्देशीरांचा आग्रह की ती हिंदुस्थानात झाली असे त्यांवर लिहिले पाहिजे. व्यवहार तिथेच मोडला. वस्तूवर कोणता मजकूर असावा यासाठी धंदा सोडणारा असा दुसरा माणूस आम्हाला माहीत नाही. 1897 पासून त्यांनी कुलपे केली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस साबणाकडे वळले. त्यांचा पहिला साबण ‘चावी’, हे नाव कुलपांवरूनच आले. प्राण्यांच्या चरबीचा अंशही नसलेला, केवळ वनस्पतींच्या तेलांचा साबण, हे त्याचे वैशिष्ट्य त्यांनी उघडपणे पुढे मांडले. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही त्यांच्या साबणाची शिफारस केली. त्यांनी साबणाला आधी ‘नंबर 2’ असे नाव दिले आणि ‘नंबर 1’ नंतर, 1922 साली काढला. दुसऱ्या क्रमांकाचा इतका चांगला तर पहिला केवढा असेल, असे लोकांनी म्हणावे म्हणून! पुढे या घराण्याच्या दाढीच्या साबणाच्या गोल वड्या आणि कांड्याही बाजारात आल्या. कडक आचाराच्या कुटुंबांत हा साबण शिरला याला स्वदेशीची चळवळ जितकी कारण, तितकीच ही चरबीविषयीची ग्वाही कारण झाली, असे आमचे मत आहे.

पण ही एका उत्पादकाने आपखुशीने दिलेली ग्वाही होती. इतरांनी ती द्यावी अशी कायद्याची सक्ती नव्हती. सक्ती कशी असणार? औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या 1940 च्या कायद्यात प्रसाधनांचा समावेश 1962 च्या दुरुस्तीने झाला, आणि त्या व्याख्येतच लिहून ठेवले होते की प्रसाधनांत साबण धरू नये. गालाला लावायची पावडर प्रसाधन, ओठांचा रंग प्रसाधन, आणि रोज सकाळी त्याच गालावर चोळायचा साबण मात्र कायद्याच्या डोळ्यांना दिसत नव्हता! हे शब्द 1982 च्या दुरुस्तीने गाळले गेले आणि ती दुरुस्ती 1983 च्या फेब्रुवारीत अमलात आली. त्याच वर्षी वनस्पती तुपात गोचरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. सरकारने गोचरबीची आयात बंद केली आणि साबणवाल्यांना वनस्पतिजन्य चरबीकडे वळावे लागले. तुपाच्या डब्याने साबणाच्या वडीचा धर्म बदलला, असे म्हटले तरी चालेल.

कोणत्या वडीत काय आहे हे लिहिण्याचा प्रश्न तरीही शिल्लक राहिला. एका नागरिकाच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 साली असा निर्णय दिला की, आपण वापरतो त्या वस्तूत प्राण्यांचे अंश आहेत किंवा नाहीत हे जाणणे हा ग्राहकाचा हक्क आहे. हा हक्क राज्यघटनेतील अभिव्यक्तीच्या, जीविताच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या कलमांतून निघतो, असे त्या न्यायालयाने म्हटले आणि प्रसाधनांवर तांबडी अथवा हिरवी खूण लावण्याचा आदेश दिला. साबण उत्पादकांचा संघ अपिलात गेला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला; नियम काय असावेत हे ठरविण्याचे काम कायद्याने ज्यांच्यावर सोपविले आहे त्यांचे, न्यायालयाने ते आपल्याकडे घेऊ नये, असा त्या निवाड्याचा रोख. वकील या नात्याने आम्हाला हा निवाडा बरोबर वाटतो. पण संघाने तो मिळविण्यासाठी जेवढा खर्च केला असेल, त्याच्या काही अंशात त्याच्या सभासदांना वेष्टनावर एक ओळ अधिक छापता आली असती, असेही आम्हाला वाटते. ज्या वेष्टनावर पदके, गलबते आणि मयत मालकांच्या सह्या यांना जागा होती, त्यावर तेलाच्या नावाला जागा नाही, हे कोणी कसे पटवून देणार?

पुढल्याच वर्षी, 2014 साली, वेष्टित मालाच्या वजनमापविषयक नियमांत दुरुस्ती होऊन साबण, शांपू, टूथपेस्ट व इतर प्रसाधने यांच्या वेष्टनांवर मांसजन्य मालासाठी तांबडा अथवा तपकिरी आणि वनस्पतिजन्य मालासाठी हिरवा ठिपका असावा असा नियम करण्यात आला. घटकांची यादी छापण्याची पद्धत त्याआधीपासून रूढ होत होतीच, पण यादी वाचायलाही वकील लागतो. ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलेले असेल तर ती गुरांची चरबी, नावातच आहे. ‘पोटॅशियम स्टिअरेट’ लिहिलेले असेल तर काहीच कळत नाही. स्टिअरिक आम्ल चरबीतूनही निघते आणि पाम तेलातूनही, आणि एकदा निघाले की रसायनशास्त्राला दोन्ही सारखीच. दाढीच्या साबणाच्या यादीत बहुधा हेच नाव सर्वांच्या आधी छापलेले असते.